अंघोळीचं बिल

नाही, पण मला एक सांगा, अंघोळीचे पैसे लावले तर माझं चुकलं कुठं? हसू नका! हसायला तुमचं काय जातं... आधी ऐकून घ्या, मग हसा, मग तर मीच तुमच्या जोडीला बसून हसतो. अहो, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना म्हणजे केवढा, तर आपल्या घरातला बोळ जरा खाऊनपिऊन सुधारला तर होईल तेवढा, आणि त्यात ऐन कोपऱ्यात एक खांब, असा बेअक्कल जागी की बांधणाऱ्याला गाठून विचारावंसं वाटतं, बाबा रे, तुझं आमच्याशी काही जुनं वैर आहे का? त्या खांबाला वळसा घालून मला कपाट बसवायचं, आणि ते अशा बेतानं की दार उघडलं तर खुर्चीत आ करून पडलेल्या माणसाच्या टाळक्यात बसायला नको! कागदावर कागद फाडले, काही सुटेना, आणि एके दिवशी सकाळी अंगाला साबण चोळता चोळता सुटलं! एकदम! दार बाजूला उघडायचंच नाही, वर उचलायचं! मी तसाच साबणासकट उभा, डोळे मिटून, मनातल्या मनात बिजागऱ्या बसवतोय, फळ्या कापतोय, पाणी चाललंय गार होत... मग हे काम झालं की नाही? झालं. कुठं झालं? न्हाणीघरात. मग तासांच्या हिशोबात मी काय लिहायचं? लिहिलं, "अंघोळ, अर्धा तास." सरळ माणूस मी, दुसरं काय लिहिणार?

बाईंनी तो कागद दोन बोटांत धरला, उपटलेला दात धरतात ना, तसा. म्हणाल्या, "अहो कपाटवाले, तुमच्या अंघोळीचे पैसे मी द्यायचे?" मी म्हटलं, बाई, अंघोळीचे नाही, अंघोळीत सुचलेल्याचे. तर म्हणतात, "आणि अर्धा तास? अर्धा तास काय करता हो आत?" आता याला काय उत्तर द्यायचं? माणसानं स्वतंत्र धंदा काढला म्हणून परक्या बाईला आपल्या अंघोळीचा तपशील द्यायचा? शी!

आणि हे सगळं कशामुळं, तर म्हणे मी आधी ठरवून घेतलं नाही. ठरवून घे म्हणे! ज्याला भेटावं तो एकच वाक्य तोंडावर फेकतो, "पैशाचं आधी ठरवून घे." अरे, पण काय ठरवून घेऊ? किती घ्यायचे ते नंतर, आधी कशावर घ्यायचे? तासावर, नगावर, टक्क्यांवर, एकरकमी? हे कोण सांगणार? ते सांगायच्या वेळी सगळ्यांना अचानक कुठंतरी जायचं असतं.

तुम्हाला सांगतो, मी नोकरीत होतो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. फर्निचरच्या कंपनीत कपाटांची चित्रं काढायचो. वर्षानुवर्षं तेच कपाट, नुसता रंग बदलायचा, आणि महिन्याच्या शेवटी पगार, मग त्या महिन्यात मी अंघोळीला किती वेळ लावला हे कुणी विचारलं नाही. पण एक दिवस वीट आला. वाटलं, एकदा तरी आपल्या डोक्यातलं कपाट करावं. बायकोला सांगितलं, बायकोची नोकरी बरी आहे, ती म्हणाली, "कर. घर मी ओढते. पण पहिलं काम धड पार पडलं नाही, तर गपचूप दादाच्या दुकानात बसायचं. तिथं माणूस हवाच आहे."

दादा म्हणजे तिचा भाऊ, माझा मेहुणा. फरशांचं दुकान आहे त्याचं. तुम्ही कधी फरशांच्या दुकानात दिवसभर बसलाय? मी एकदा बसलोय, तो लग्नाला गेला होता तेव्हा. उभ्या फरशा, आडव्या फरशा, नाकात भुकटी, पायाखाली गारठा, आणि एरवी तिथं हा गडी गिऱ्हाईक आलं की बोटाच्या पेरानं फरशीवर टकटक करतो आणि मान वाकडी करून म्हणतो, "आवाज ऐका, आवाज! ह्याच्यापुढचा माल घ्या. जरा जातील जास्त, पण आयुष्यभर नाव काढाल." त्याला विचारलं की बाबा, आवाजावरून तुला काय कळतं, तर म्हणतो, "मला काही कळत नाही दाजी, पण गिऱ्हाइकाला कळल्यासारखं वाटतं." मला ते दुकान नको होतं. म्हणून हे पहिलं काम मला धड पार पाडायचंच होतं.

आणि पहिलं काम आणलं कुणी? त्यानंच! डॉक्टरीणबाईंना दवाखान्याची फरशी यानं विकली, वर माझं नाव सांगितलं आणि मला फोन, "दाजी, गिऱ्हाईक दिलंय. पण पैशाचं आधी ठरवून घ्या हां!" मी विचारलं, कशावर ठरवू? "ते तुम्ही बघा, माझ्याकडं गिऱ्हाईक आलंय." आणि टकटक ऐकू आली फोनमधून.

मग मी तासांवर सांगितलं. वाटलं, स्वच्छ हिशोब, जेवढं राबलो तेवढं घेतलं. अहो, कसला स्वच्छ! तासांवर काम सुरू झालं त्या क्षणापासून ती बाई माझ्याकडं बघेचना, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. तोंडात यंत्र घातलेला पेशंट आडवा, आणि बाई त्याच्यावरून मला विचारतात, "तुमचं सुरू झालं का?" मी टेप काढला की सुरू, टेप खाली ठेवला की, "थांबलं ना?" चहा आला तर म्हणतात, "हा चहा तुमच्या तासातला की माझ्या?" एकदा मला ठसका लागला तर बाईंनी हातातलं काम सोडून घड्याळ बघितलं! आणि गंमत कशी बघा, मी कामाला चपळ. वर्षानुवर्षं कपाटंच काढली, हात बसलाय. जे दुसऱ्याला आठवडा लागेल ते माझं दुपारपर्यंत होतं. म्हणजे मी जितका हुशार तितका माझा पैसा कमी! एखादा ढब्बू असता तर त्यानं या एका खांबावर घर बांधलं असतं.

तिकडं आमचे मिस्त्री बघा. सुतारकाम करणारे, बाईंनीच लावलेले, रोजावर. रोजावर म्हणजे दिवस मावळला की पैसे हातात, काम किती झालं ते विचारायचं नाही. काय तो आनंदी माणूस! सकाळी येणार, रंधा काढणार, रंध्याकडं बघणार, परत ठेवणार. मी म्हटलं, मिस्त्री, जरा हात चालवा की. तर म्हणतात, "घाई केली की लाकूड रुसतं, साहेब." लाकूड रुसतं! आणि वर मलाच विचारतात, "तुमचं काय ठरलंय?" आणि बाई त्यांच्यावर खूश! का? तर म्हणे, "मिस्त्रींचं एक बरं आहे, ते अंघोळ करूनच येतात."

झालं, त्या अंघोळीच्या कागदावर तास संपले. मी म्हटलं, बाई, तुम्ही कसे घेता? तुम्ही काय तासावर घेता का? "छे," म्हणाल्या, "मी दाताचे घेते." माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मी म्हटलं, मग मीही कपाटाचे घेतो. दर कपाटामागं इतके. बाई लगेच "चालेल" म्हणाल्या. एका क्षणात! तुम्हाला म्हणून सांगतो, समोरचा माणूस पैशाच्या बाबतीत इतक्या चटकन "चालेल" म्हणाला की तिथून चप्पल हातात घेऊन पळायचं असतं. पण मी बसलो, आणि वर आभार मानले.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणतात, "मी काय विचार केला, कपाटं वेगवेगळी कशाला? कसं तुटक तुटक दिसतं ना. एकच करू या." एकच! माझ्या चित्रात औषधांचं वेगळं, हत्यारांचं वेगळं, फायलींचं वेगळं, चपलांचं वेगळं, अशी नेटकी सात कपाटं. बाईंनी माझ्याच हातातली पेन्सिल घेतली आणि सातांच्या मधून एक फळी ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "झालं की हो एक!" मी म्हटलं, बाई, मध्ये खिडकी आहे. "मग खिडकीखालून न्या." मध्ये दार आहे. "दारावरून न्या." बाहेर पेशंट बसतात तिथलं टेबल? "त्यालाही फळी जोडा, म्हणजे ते पण कपाटच झालं." जगात असं कपाट कुणी बघितलंय का? दारातून आत शिरलात की चपला ठेवायला जी फळी लागते, तिचं दुसरं टोक दातांच्या खुर्चीच्या डोक्यावर! मध्ये कुठं तुटत नाही! का? तर तुटलं की माझं बिल वाढतं!

मी म्हटलं, बरं, मग कपाटाचे नको, खणाचे घेतो. दर खणामागं इतके. तर बाई म्हणतात, "खण कशाला हवेत? मला उघड्या फळ्याच आवडतात." काल हीच बाई मला सांगत होती की हत्यारांवर धूळ बसली तर पेशंटला बाधेल! मी काय काढायचं ते आता माझं डोकं ठरवेना, माझ्या पैशाची पद्धत ठरवायला लागली. अहो, कपाट गेलं बाजूला, मी तिथं बिलाचं चित्र काढत बसलो होतो. आणि घरी आलो की बायको विचारायची, "काय मग, कुठवर आलं?" मी म्हणायचो, दारावर आलंय, आता खिडकीखाली जाईल.

ठरवून घे म्हणे! दोनदा ठरवून घेतलं, दोनदा माझंच ठरवलेलं माझ्याच गळ्यात.

मग मी म्हटलं, टक्क्यांवर घ्या. एकूण जो खर्च होईल, त्यावर इतके टक्के. मोठमोठे लोक असंच घेतात म्हणे. बाई परत "चालेल!" आणि आम्ही गेलो मुठी घ्यायला. कपाटाच्या मुठी हो, दाराच्या. दुकानात बाईंनी एक साधी मूठ उचलली. चांगली होती. धरायला बरी, पुसायला सोपी, दवाखान्याला शोभणारी. माझ्या मनात आलं, हीच घ्यावी. आणि माझ्या तोंडून काय निघालं? मी शेजारची पितळी मूठ उचलली, जड, फुलाफुलांची, तिप्पट किमतीची, ती काउंटरवर टकटक वाजवली आणि मान वाकडी करून म्हणालो, "आवाज ऐका, आवाज! जरा जातील जास्त, पण आयुष्यभर..."

अहो, माझ्या तोंडून मेहुणा बोलला! तोच सूर, तीच मान, तेच बोट. ज्याच्या दुकानात बसायला नको म्हणून मी एवढी मरमर करतोय, तो माझ्या आतच दुकान मांडून बसला होता! मला माझी इतकी किळस आली की मी ती मूठ होती तिथं ठेवली, हात पँटला पुसले आणि म्हटलं, बाई, ती साधीच घ्या, आणि टक्के रद्द. बाई चक्रावल्या. म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही घेणार तरी कशावर? एकदाचं ठरवून घ्या ना!" ही बाई! मला! ठरवून घ्या म्हणे!

मग उरलं काय? एकरकमी. सगळ्याचे मिळून एवढे, अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. अर्धे आले, तेवढ्यानं जरा जिवात जीव आला, बायकोला घेऊन बाहेर जेवून आलो, तिथंही मेहुण्याचा फोन, "ठरलं ना दाजी?" मी म्हटलं, ठरलं! आणि एकरकमी म्हटल्याबरोबर त्या बाईंना कपाटं सुटी हवीशी झाली! फळी? "छे, ती मधली फळी काढा हो, कसं मालगाडीसारखं दिसतंय." खण? "खण हवेतच, धूळ नाही का बसत?" आणि रोज नवीन, "कपाटवाले, एवढंसंच आहे..." एवढंसंच हे कोपऱ्यात एक शोकेस. एवढंसंच हा दिवा आतून. एवढंसंच माझ्या घरी एक बुटांचं आहे, जाता जाता त्याचंही चित्र काढाल का? जाता जाता! मी कुठं जात होतो? आणि मिस्त्री तर काय, प्रत्येक 'एवढंसंच'मागं त्यांचा आणखी एक रोज, ते बाईंना नवीन कल्पना सुचवायला लागले! "ताई, इथं एक छोटा कप्पा केला तर?" मी तिकडं दातओठ खातोय, आणि हा माणूस छोट्या कप्प्यांवर पोरीचं लग्न काढेल.

आणि दातओठ खातोय म्हणजे खरोखरच खात होतो बरं का. दिवसा कामावर, रात्री झोपेत. बायको हलवून उठवायची, "अरे, काय चावतोयस?" काय सांगू, एवढंसंच चावतोय. आणि ज्या दिवशी शेवटचं दार बसलं, वर उचलून बघितलं, अलगद गेलं, खुर्चीतल्या डोक्याला कुठं लागलं नाही, खांबाला वळसा घालून कपाट असं बसलं की खांब त्या कपाटासाठीच बांधलाय असं वाटावं... त्या दिवशी मला खरोखर भरून आलं. खोटं कशाला सांगू? डोळ्यांत पाणी आलं. मी दात घट्ट दाबले, रडू दिसू नये म्हणून, आणि आत काहीतरी कट्कन वाजलं.

दाढ! मागची, मोठी, उभी फुटली. मी गालाला हात लावून खालीच बसलो. बाई धावल्या. मायेनं धावल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. धरून त्याच खुर्चीत बसवलं, आ करायला लावलं, सुई टोचली, तोंडात कापूस, नळी, आरसा, आणखी काय काय, आणि मग म्हणतात, "कपाटवाले, तुमचे अर्धे राहिलेत ना माझ्याकडं? ही दाढ वाचवायची म्हणजे मुळं साफ करायची, वर टोपी बसवायची. बरोबर तेवढेच होतात हो! फिट्टंफाट करू या का? नको असेल तर तसं सांगा." सांगा! तोंडात अर्धा दवाखाना घालून म्हणतात, सांगा! मी म्हटलं, "आ... आ..." बाई म्हणाल्या, "चालेल म्हणतात." आणि मिस्त्री मागून म्हणाले, "चालेलच म्हणाले."

आणि हिशोब बघा त्यांचा! कापूस निघाल्यावर मी म्हटलं, तुम्ही दाताचे घेता ना, मग एका दाढेचे एवढे? तर म्हणाल्या, "दाढेला मुळं तीन असतात." तीन मुळं! माझी सात कपाटं फळी मारून एक केली, आणि माझ्या एका दाढेची तीन केली!

बायको आली बघायला. माझं तोंड एका बाजूला बधीर, ओठ लोंबतोय. ती आधी कपाटाकडं गेली. दार वर उचललं, खाली घेतलं, परत उचललं. मग म्हणाली, "सुंदर झालंय रे." तुम्हाला सांगतो, त्या एका वाक्यावर मी आणखी दोन दाढा दिल्या असत्या. पण लगेच पुढं, "आणि राहिलेले अर्धे? घरात काय आलं?" मी बोट तोंडात घालून दाखवलं. बायकोनं आत डोकावून बघितलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "याला धड पार पडलं म्हणायचं की नाही, तेच मला कळत नाहीये. आणखी एक काम कर. तेही असंच झालं तर दुसऱ्या दिवशी दादाच्या दुकानात. आणि कृपा करून, ह्या वेळी आधी ठरवून घे!"

आणि आला हो फोन, त्याच आठवड्यात! डॉक्टरीणबाईंच्या जिवलग मैत्रिणीचा. त्यांचाही दवाखानाच, मोठा, भरपूर कपाटं. आवाज कसा मधाळ! "तुमचं काम बघितलं, अप्रतिम आहे. आणि तुमचं पैशाचंही इतकं सोपं आहे म्हणे, ही सांगत होती, तुम्ही रोख मागतच नाही, सगळं उपचारांत वळतं करून घेता. मला असाच माणूस हवा होता. माझ्याकडं रोख जरा कमीच असते हो." मी म्हटलं, अहो बाई, ते तसं नाही... तर म्हणाल्या, "मग राहू दे, मी दुसरं कुणी बघते." आणि तेवढ्यात मला फोनमधून टकटक ऐकू आली. नव्हती वाजत हो, मला ऐकू आली! फरशी, भुकटी, गारठा, सगळं डोळ्यांपुढं आलं, आणि मी म्हटलं, नाही नाही, बघू नका, चालेल! आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काम सुरू व्हायच्या आधी सगळं पक्कं ठरवून घेतलं, अगदी कपाटामागं किती उपचार इथपर्यंत! फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, आपण कसल्या डॉक्टर?

जनावरांच्या.

आता आमच्याकडं जनावर कुठलं? म्हणून मग परवा एक मांजर आणलं. बघून बघून मरतुकडं आणलं, म्हटलं, निदान हे तरी कमावतं होईल. आणि सकाळ-संध्याकाळ बायकोच्या हातचं दूध पिऊन असं टुणटुणीत झालंय, तुम्हाला सांगतो, साधं शिंकत नाही हो!